घरच्या टँकमध्ये क्लाऊनफिशची पैदास आणि पिल्लांचं संगोपन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती ओसेलारिस क्लाऊनफिश (अँफिप्रिऑन ओसेलारिस) डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. पर्क्युला या जवळच्या जातीलाही ती जवळपास जशीच्या तशी लागू पडते. मरून, टोमॅटो, क्लार्की या जातींचे स्वभाव वेगळे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत जोडी जमवण्याचा भाग तेवढा बदलतो. अंडी मिळणं अवघड नाही. नीट खायला घातलेली जोडी आज ना उद्या अंडी देतेच. पिल्लं मरतात ती पहिल्या दहा दिवसांत, आणि बहुतेक वेळा त्यांचं खाणं वेळेवर तयार नसल्यामुळे. म्हणून खाली जोडीपेक्षा रोटिफरबद्दल, म्हणजे पिल्लं सुरुवातीला खातात त्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवाबद्दल, जास्त लिहिलं आहे.

दोन क्लाऊनफिश आणले तर त्यात एक नर, एक मादी असेलच कशावरून?

तशी अट नाही. क्लाऊनफिश जन्मतः मादी नसतो. लहान मासे एकत्र वाढले की त्यातला सगळ्यात मोठा आणि दांडगा मासा मादी होतो आणि त्याच्या खालचा नर. बाकीचे अपरिपक्व राहतात. मादी मेली तर नर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मादी बनतो. उलट मात्र कधी होत नाही, मादीचा पुन्हा नर होत नाही.

म्हणून दुकानातून घेताना दोन लहान मासे घ्या आणि त्यांच्यात आकाराचा फरक स्पष्ट दिसू द्या: एक साधारण चार सेंटिमीटरचा, दुसरा अडीच-तीनचा. लहान मासा मोठ्यासमोर आडवा होऊन अंग थरथरवताना दिसला की समजा, त्याने मोठेपण कबूल केलं, जोडी जमायला लागली. दोन पूर्ण वाढलेले मोठे मासे एकत्र सोडू नका. दोन्ही माद्या निघाल्या तर बहुधा एकीचा जीव जाईपर्यंत मारामारी चालते. तीन मासे ठेवण्याचा मोहही नको. जोडी जमली की तिसऱ्याला कोपऱ्यात कोंडून मारतात.

ओसेलारिस आणि पर्क्युला यांची जोडी लावू नका. संकर होतो, पण त्या पिल्लांची ओळख पुढे कोणालाच धड सांगता येत नाही. पाठीच्या परावरचे काटे मोजले तर फरक कळतो: ओसेलारिसला बहुधा ११, पर्क्युलाला बहुधा १०. पर्क्युलाच्या पांढऱ्या पट्ट्यांभोवतीची काळी किनारही जाड असते.

जोडी अंडी कधी द्यायला लागते?

कृत्रिम पैदाशीतून आलेले मासे दीड-दोन वर्षांचे झाल्यावर. काही आधी देतात, काही तीन वर्षं लावतात. एकदा सुरू झालं की दर १२ ते १५ दिवसांनी नवा घोळ (एका वेळी घातलेली सगळी अंडी) देतात आणि हे चक्र वर्षानुवर्षं चालतं.

जोडीसाठी टँक केवढा हवा? अ‍ॅनेमोनी (क्लाऊनफिश ज्यात राहतो तो समुद्रफुलासारखा जीव) लागतोच का?

६० × ४५ × ४० सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण १०० लिटरचा टँक पुरतो. दुसरे मासे त्यात नकोत. अ‍ॅनेमोनी अजिबात लागत नाही. त्याला जोरदार प्रकाश आणि मुरलेला टँक हवा असतो, आणि तो फिरत फिरत पंपात अडकून मेला तर एका रात्रीत पाणी नासतं. मातीची छोटी कुंडी आडवी ठेवा किंवा ग्लेझ नसलेली फरशी काचेला टेकवून उभी करा. मासे ती जागा दाताने घासून साफ करू लागले की दोन-चार दिवसांत अंडी येणार. अंडी घातलेली फरशी उचलून नेता यावी म्हणून दगडापेक्षा फरशी बरी.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. टँक सजवायला किनाऱ्यावरून पोवळ्याचे तुकडे उचलून आणू नका, कोणी विकत देत असेल तर घेऊही नका. सगळी दगडी पोवळी आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. फिल्टरसाठी सिरॅमिकच्या कड्या आणि विटा मिळतात, त्या जिवाणूंना तेवढ्याच मानवतात.

पाण्याचे आकडे काय ठेवायचे?

तापमान २६ ते २८ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व (यावरून पाण्याचा खारेपणा, म्हणजे क्षारता कळते) १.०२५ ते १.०२६, पीएच ८.१ ते ८.३, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या खाली. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरा आणि तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावणावर जुळवून घ्या. काट्याचे स्वस्त हायड्रोमीटर सर्रास चुकीचं दाखवतात.

आकडा थोडा इकडे-तिकडे असला तरी चालतो, पण तो रोज हलता कामा नये. नागपूर-जळगावकडे उन्हाळ्यात पाणी ३२ च्या वर जातं आणि जोडी अंडी देणं थांबवते. पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. उडालेलं पाणी रोज आरओच्या गोड्या पाण्याने भरून काढायचं, मिठाच्या नाही. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवा दमट असल्यामुळे पंख्याचा उपयोग कमी होतो, तिथे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागू शकतो.

चौपाटीवरचं समुद्राचं पाणी आणलं तर?

नको. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात सांडपाणी, गाळ आणि तेल असतं, आणि पावसाळ्यात क्षारता घसरते. आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढलेलं पाणी (टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्याच्या जवळ) आणि चांगलं मरीन सॉल्ट घ्या. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम मीठ लागतं. नेमकं प्रमाण पाकिटावर बघा, आणि मिसळून एक रात्र हवा व फिरतं पाणी देऊन मगच वापरा. जेवणातलं मीठ चालत नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीचे क्षार नसतात.

जोडीला खायला काय घालायचं?

दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं, आणि प्रकार बदलत. कोळंबी, तिसऱ्या, माकूल, गाबोळी हे सगळं मासळी बाजारात मिळतं. स्वच्छ धुऊन, मीठ-हळद न लावता, बारीक चिरून छोट्या वड्यांमध्ये गोठवा. गाबोळी विशेष चांगली, तिच्यातली चरबी थेट अंड्यात उतरते. सोबत फ्रोझन मायसिस (छोट्या कोळंबीसारखा जीव) आणि चांगल्या प्रतीचे बारीक दाणेदार खाद्य. कोंबडी-मटण देऊ नका, त्यातली चरबी या माशांना पचत नाही.

फिकट, विरळ घोळ आणि दुबळी पिल्लं दिसली तर पाण्यापेक्षा आधी जोडीच्या खाण्याकडे बघा. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं ते आईने दिलेली शिदोरी घेऊन, आणि ती शिदोरी फार तर एक दिवस पुरते.

अंडी घातल्यापासून फुटेपर्यंत काय काय दिसतं?

अंडी बहुधा दुपारनंतर घातली जातात. मादी पोट टेकवत एकेक ओळ लावते, नर मागोमाग फलन करतो. तास-दोन तास हे चालतं. पहिल्या घोळात शंभरभर अंडी असतात, मुरलेली जोडी चार-पाचशेही देते.

पहिल्या दिवशी रंग भडक केशरी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडी तपकिरी-राखाडी होतात आणि भिंगातून डोळ्यांचे काळे ठिपके दिसतात. सहाव्या-सातव्या दिवशी डोळ्यांना चंदेरी झाक येते आणि पिवळा बलक जवळजवळ संपलेला असतो. टॉर्च तिरपा मारला की घोळभर चंदेरी टिकल्या लुकलुकतात. २८ अंशांना सातव्या-आठव्या रात्री, २६ अंशांना नवव्या-दहाव्या रात्री अंडी फुटतात. फुटणं नेहमी दिवे गेल्यावर तास-दोन तासांनी, पूर्ण अंधारात.

या काळात नर परांनी वारा घालतो आणि मेलेली अंडी तोंडाने वेचून काढतो. पांढरी पडलेली अंडी म्हणजे फलन न झालेली किंवा बुरशी लागलेली.

जोडी स्वतःचीच अंडी खाते. काय करायचं?

पहिले दोन-तीन घोळ बहुतेक जोड्या खातात. तेवढं सोडून द्या, नराला काम यायला वेळ लागतो. त्यानंतरही चालूच राहिलं तर तीन कारणं तपासा. जोडी उपाशी आहे का? टँकसमोर सतत येजा, टीव्ही, दिवे चालू-बंद असा त्रास आहे का? की अंड्यांचं फलनच होत नाहीये? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळा घोळ पांढरा पडून नाहीसा होत असेल तर तिसरं कारण. क्वचित दोन्ही मासे माद्या असतात आणि आळीपाळीने अंडी घालतात.

पिल्लांसाठी खाद्याची तयारी कधी सुरू करायची?

जोडी फरशी घासायला लागली त्या दिवशी नव्हे. त्याच्या किमान तीन आठवडे आधी. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाचं तोंड इतकं छोटं असतं की सुकं खाद्य, अंड्याचा बलक, आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा चिमुकला जीव) यातलं काहीही उपयोगाचं नाही. लागतो तो रोटिफर, ब्रॅकिओनस प्लिकॅटिलिस. तो जिवंत, हलता आणि पोट भरलेला हवा. रोटिफरचं कल्चर (बादलीत वाढवलेले जिवंत रोटिफर) दाट झालेलं नसेल तर तो घोळ जोडीकडेच राहू द्या. पंधरा दिवसांनी पुढचा येणारच आहे.

रोटिफरचं कल्चर घरी कसं करायचं?

२० लिटरची खाद्यदर्जाची पांढरी बादली घ्या. क्षारता १.०१८ ते १.०२०, तापमान २५ ते २८ अंश. हवेची नळी टोकाला दगड (एअर स्टोन) न लावता तळापर्यंत सोडा, बुडबुडे मोठे आणि जोमदार हवेत. बारीक बुडबुड्यांनी फेस होतो आणि रोटिफर त्यात अडकतात. नॅनोक्लोरोप्सिस शेवाळाचं द्रावण पाणी गडद हिरवं होईपर्यंत घाला. चोवीस तासांत ते फिकट व्हायला हवं. झालं नाही तर रोटिफर कमी आहेत किंवा आजारी आहेत, अशा वेळी आणखी शेवाळ ओतू नका.

मोजणी शिकून घ्या. एक मिली पाणी सिरिंजमध्ये ओढा, उजेडासमोर धरा, भिंगातून पांढरे हलणारे ठिपके मोजा. मोजता येत नसतील इतके असले तर दहापट पातळ करून मोजा. मिलीला १०० च्या पुढे गेलं की काढणी सुरू करा. रोज ५ लिटर, म्हणजे एक चतुर्थांश, ५३ मायक्रॉनच्या जाळीतून गाळायचं, गाळलेलं पाणी फेकायचं, रोटिफर स्वच्छ खाऱ्या पाण्याने धुवायचे आणि बादलीत नवीन पाणी घालायचं. पिल्लं नसतानाही ही काढणी बंद करू नका. न काढलेलं कल्चर वाढत नाही, बसतं, म्हणजे मरून जातं.

बसायच्या आधी ते सांगतं: घाण वास, तपकिरी फेस, पाणी हिरवंच राहणं, आणि भिंगातून बघितल्यावर अंडी चिकटलेल्या माद्या न दिसणं. निरोगी कल्चरमध्ये पाच-सहा माद्यांमागे एकीला तरी अंडं असतं. दोन बादल्या ठेवा, वेगवेगळ्या खोल्यांत असतील तर फारच उत्तम, आणि एकीचं भांडं-नळी दुसरीत वापरू नका.

पिल्लांचा टँक कसा मांडायचा?

२० ते ४० लिटर, तळाला वाळू नाही. चारही बाजूंना बाहेरून काळा कागद, प्रकाश फक्त वरून आणि मंद. काच उघडी राहिली तर पिल्लं प्रतिबिंबाकडे खेचली जातात, काचेवर डोकं आपटत राहतात आणि खाणं विसरतात. काळ्या पार्श्वभूमीवर रोटिफरही त्यांना नीट दिसतो.

पाणी जोडीच्याच टँकमधलं भरा. छोटा हीटर ठेवा. हवेची नळी मोकळी, सेकंदाला एक-दोन बुडबुडे. महिनाभर जोडीच्या टँकमध्ये ठेवून जिवाणू मुरवलेला एक छोटा स्पंज फिल्टर आणून ठेवा, पण सुरुवातीला त्याची हवा इतकी मंद की पिल्लं त्यावर ओढली जाऊ नयेत. शेवाळ घालून पाणी फिकट हिरवं करा, तळ जेमतेम दिसेल इतपत. त्यामुळे रोटिफरचं पोट भरलेलं राहतं आणि प्रकाश मवाळ होतो. जिवंत शेवाळ थोडा अमोनियाही शोषतं. बाटलीतलं गोठवलेलं किंवा मेलेलं शेवाळ तसं करत नाही, उलट जास्त झालं तर कुजून अमोनिया वाढवतं.

अंडी हलवायची की पिल्लं पकडायची?

फरशी असेल तर अंडी हलवा, ते जास्त खात्रीचं. फुटण्याच्या दिवशी संध्याकाळी फरशी पाण्याखालीच एका डब्यात घ्या, डबा पिल्लांच्या टँकमध्ये बुडवा आणि फरशी घोळाकडची बाजू काचेपासून लांब ठेवून तिरपी उभी करा. तिच्या पायाशी एअर स्टोन ठेवा. बुडबुड्यांची धार अंड्यांसमोरून वर जायला हवी, अंडी हलकेच डुलली पाहिजेत. इथे नराचं काम बुडबुडे करतात, म्हणून हवा पुरेशी सोडा. मग दिवा बंद, टँकवर जाड कापड, खोलीत मिट्ट काळोख. मोबाइलचा उजेडही मारू नका, फुटणं अर्ध्यावर थांबतं. दोन तासांनी मंद टॉर्चने बघा. बहुतेक पिल्लं निघाली असली की हवा कमी करा. उरलेली अंडी दुसऱ्या रात्री फुटू शकतात.

अंडी दगडावर असतील तर पिल्लं पकडावी लागतात. दिवे जायच्या आधी सगळे पंप बंद करा. तास-दीड तासाने एका कोपऱ्यात टॉर्च धरा, पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. वाटीने पाण्यासकट अलगद उचला. जाळी कधीच वापरायची नाही. या वयाची पिल्लं हवेत आली की मरतात, तेव्हा लगेच नाही तर सकाळपर्यंत.

रोज किती रोटिफर घालायचे?

टँकच्या पाण्यात दर मिलीला १० रोटिफर सतत असायला हवेत. २० लिटर म्हणजे २०,००० मिली, त्याला २ लाख रोटिफर. तुमचं कल्चर मिलीला १०० असेल तर त्यातलं २ लिटर गाळून घातलं की झालं. सकाळी आणि संध्याकाळी टँकमधली एक मिली मोजा, कमी झाले असतील तेवढेच भरा. मिलीला १५ च्या वर जाऊ देऊ नका, उरलेले रोटिफर ऑक्सिजन खातात आणि घाण करतात.

पिल्लं जन्मल्यावर पहिल्या सकाळपासून अन्न समोर असलं पाहिजे. चोवीस तास उपाशी राहिलेलं पिल्लू नंतर खाल्लं तरी सहसा सावरत नाही. खाणारं पिल्लू ओळखू येतं: शरीर इंग्रजी 'एस'सारखं आखडतं, क्षणभर थबकतं आणि झटक्यात पुढे जातं. भिंगातून पोट भरलेलं दिसतं.

आर्टेमिया कधी सुरू करायचा?

सहाव्या-सातव्या दिवशी, चिमूटभर. सगळी पिल्लं एकदम तयार होत नाहीत, म्हणून रोटिफर नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत चालू ठेवा. पाचव्या दिवसापासून १०० ते २०० मायक्रॉनचं सुकं खाद्य बोटाच्या टोकावर घेऊन पृष्ठभागावर भुरभुरा. सुरुवातीला ते नुसतं बघतील, पण सवय लवकर लागलेली बरी.

आर्टेमियाची अंडी लिटरला एक ग्रॅम, मीठ लिटरला २५ ग्रॅम, २८ अंश, उजेड आणि भरपूर हवा. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली तळ कापून उलटी टांगली की काम होतं. १८ ते २४ तासांत फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा: टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात, आणि केशरी आर्टेमिया खालच्या बाजूला टॉर्च धरला की तिथे जमतो. नळीने तेवढाच ओढून १२० मायक्रॉनच्या जाळीत धुवा. टरफलं टँकमध्ये गेली तर पिल्लांच्या आतड्यात अडकतात. फुटल्यावर काही तासांतच खायला घाला. वेळ गेला की आर्टेमिया स्वतःचा बलक संपवतो आणि त्यातला कस जातो. उरलेला फ्रिजमध्ये एक दिवस ठेवता येतो.

एकाच वेळी खूप आर्टेमिया मिळाला तर पिल्लं पोट फुटेपर्यंत खातात, तळाला बसतात आणि दुसऱ्या दिवशी मेलेली सापडतात. अर्ध्या तासात संपेल इतकाच द्या, दिवसातून चार वेळा.

सात-आठ दिवस सगळं छान होतं, मग एकदम पिल्लं मरायला लागली. का?

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार आहे, आणि कारण बहुधा आठव्या दिवशीचं नसतं, पहिल्या आठवड्याचं असतं. पिल्लांना ईपीए आणि डीएचए या मेदाम्लांची गरज असते. ती रोटिफरच्या अंगात आपोआप नसतात. रोटिफरने जे खाल्लं तेच पिल्लाला मिळतं. यीस्टवर वाढवलेल्या रोटिफरांनी पोट भरतं, पण शरीर घडत नाही. नॅनोक्लोरोप्सिसमध्ये ईपीए चांगलं असतं, डीएचएसाठी आयसोक्रायसिस हे दुसरं शेवाळ किंवा तयार एनरिचमेंट (पोषक द्रावण) मिसळावं लागतं. गाळलेले रोटिफर पिल्लांना घालायच्या आधी काही तास अशा द्रावणात ठेवा. कमतरतेची खूण: टँकला हलका धक्का लागला किंवा दिवा एकदम लागला की पिल्लं गरगर फिरून, ताठ होऊन खाली पडतात.

दुसरं कारण अमोनिया. तळाशी मेलेले रोटिफर, शेवाळ आणि विष्ठा साचते. रोज हवेच्या बारीक नळीने तळ ओढून घ्या, पांढऱ्या बादलीत घ्या म्हणजे चुकून आलेली पिल्लं दिसतील. १० ते २० टक्के पाणी जोडीच्या टँकमधून थेंब-थेंब भरा. अमोनिया ०.२५ पीपीएमच्या वर दिसला तर त्याच दिवशी दोनदा बदल करा. अमोनिया बांधणारी औषधं मदतीला येतात, पण काही टेस्ट किट त्यानंतर चुकीचं वाचतात, म्हणून किटच्या कागदावर ते तपासून घ्या.

आणि तिसरं, रूपांतराचा काळ. आठव्या ते पंधराव्या दिवसांत पारदर्शक पिल्लू केशरी होतं, डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो, आणि ते मध्यपाण्यातून खाली, कडेला येऊन राहतं. शरीरात इतकं काही बदलत असताना काही पिल्लं जाणारच. या काळात पाणी, प्रकाश, खाद्य यात एकाच वेळी दोन बदल करू नका.

पट्टे अर्धवट का राहतात?

पहिल्या पंधरवड्यातलं पोषण, गर्दी, ताण आणि काही अंशी आनुवंशिकता. पट्ट्यांचा वेग थायरॉइड संप्रेरकाशी जोडलेला आहे. पापुआ न्यू गिनीतल्या किंबे उपसागरातल्या पर्क्युलांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कोणत्या जातीच्या अ‍ॅनेमोनीत पिल्लू राहतं त्यानुसार पट्टे लवकर किंवा उशिरा येतात आणि त्यामागे हे संप्रेरक आहे असं दिसलं. अर्धवट पट्ट्याचा मासा निरोगी असतो. विकताना तेवढं सांगा.

दिवा किती वेळ लावायचा?

१४ ते १६ तास मंद प्रकाश, रात्री खोलीच्या कोपऱ्यात एक झिरो बल्ब. एकदम उजेड-एकदम काळोख टाळा.

वीज गेली तर?

पिल्लांना एक तास हवा नसली तरी चालेल, दाट रोटिफर कल्चरला चालणार नाही. दोन-तीन तासांत ते कोसळतं. एअर पंप इन्व्हर्टरवर ठेवा किंवा बॅटरीवर आपोआप सुरू होणारा पंप घ्या. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर वीज जाताच पाणी नळीतून उलटं येतं.

जोडीला आजार झाला तर काय बघायचं?

क्लाऊनफिशचा खास शत्रू ब्रुकलिनेला हा सूक्ष्म परजीवी. अंगावर पांढरा चिकट थर, कातडी सुटल्यासारखी, जोरात श्वास, खाणं बंद, आणि दोन-चार दिवसांत मृत्यू. यावर तांबं चालत नाही, वेगळ्या टँकमध्ये फॉर्मेलिनचा उपचार लागतो. तो हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून आणि बाटलीवरच्या प्रमाणातच करायचा. व्हेल्व्हेट या दुसऱ्या परजीवी आजारामध्ये सोनेरी धूळ भुरभुरल्यासारखी दिसते, त्यावर तांब्याची औषधं चालतात. समुद्रातून पकडलेल्या माशांत हे दोन्ही जास्त आढळतं. नवीन मासा चार आठवडे वेगळा ठेवायचा, कितीही निरोगी दिसला तरी.

पट्टे आल्यावर पुढे काय?

तीन-चार आठवड्यांची पिल्लं ८०-१०० लिटरच्या टँकमध्ये हलवा, आता स्पंज फिल्टर पूर्ण जोरात चालू द्या. वाडग्याने हलवा, जाळी अजूनही नकोच. दिवसातून चार-पाच वेळा बारीक दाणे, आर्टेमिया हळूहळू कमी. दर आठवड्याला निम्मं पाणी बदला.

आता भांडणं सुरू होतात. गंमत अशी की भरपूर पिल्लं एकत्र असली तर कोणालाही एकालाच छळता येत नाही. आठ-दहाच असली तर एखाद्याचे पर कुरतडले जातात. आकारानुसार दोन गट करा आणि पीव्हीसी पाइपचे तुकडे लपायला ठेवा.

याबद्दल प्रत्यक्ष शिकायला कुठे जाता येईल?

केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम इथे क्लाऊनफिशच्या हॅचरीचं तंत्र बसवलं आहे. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने स्थानिक महिलांना शोभिवंत समुद्री जीव वाढवायचं काम शिकवलं. महाराष्ट्रात नवी मुंबईच्या ऐरोलीत कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रात समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी आहे. जाण्याआधी चौकशी करून जा.

पिल्लं किती मोठी झाल्यावर द्यायची, आणि कशी पॅक करायची?

अडीच ते तीन सेंटिमीटर झाल्याशिवाय देऊ नका. त्याला चार ते सहा महिने लागतात. पॅक करण्याच्या आदल्या दिवशी उपाशी ठेवा, नाहीतर पिशवीतच विष्ठा होऊन अमोनिया वाढतो. एका पिशवीत एकच मासा, एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश ऑक्सिजन. पिशवी दुहेरी, कोपरे रबराने बांधून गोल केलेले, म्हणजे मासा कोपऱ्यात अडकत नाही. लांबचा प्रवास असेल तर थर्माकोलच्या पेटीत ठेवा. सोबत त्याच खाद्याची छोटी पुडी आणि तुमच्या टँकची क्षारता लिहिलेली चिठ्ठी द्या. दुकानात बरेचदा क्षारता १.०२० च्या आसपास ठेवतात, आणि १.०२५ मधून आलेला मासा तिथे सोडताना थेंब-थेंब पाणी मिसळत अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो.